लोकगीत की लोकधाटणीचं गीत? ऑस्लोत जिंकलेल्या एका आयरिश गाण्याचा अभ्यास

गीत-अभ्यासासाठी आपण आजवर बहुतेक मराठी रचनाच घेतल्या. या अंकासाठी मात्र मी मुद्दाम एक आयरिश गाणं निवडलं आहे. आपल्या मंडळाच्या गीतस्पर्धेत 'लोकगीत' नावाचा एक विभाग असतो, आणि त्यात नेमकं काय बसतं यावर दरवर्षी वाद होतो. कुणी आजीकडून आलेली ओवी गातं, तर कुणी स्वतः चाल लावलेलं, ढोलकी घातलेलं नवं गाणं. दोघांनाही आपण 'लोकगीत' म्हणतो आणि मग गुण देताना परीक्षकांची पंचाईत होते. ती पंचाईत नीट समजून घ्यायला हे दूरचं गाणं फार उपयोगी आहे. दूरच्या गोष्टीकडे बघताना आपला रागलोभ मध्ये येत नाही.

गाण्याचं नाव 'द व्हॉइस', म्हणजे 'आवाज'. शब्द आणि चाल दोन्ही ब्रेंडन ग्रॅहम यांची, गायिका ईमर क्विन. १८ मे १९९६ रोजी नॉर्वेची राजधानी ऑस्लो इथे झालेल्या यूरोव्हिजन गीतस्पर्धेत हे गाणं पहिलं आलं. अंतिम फेरीत २३ देश होते. आयर्लंडला १६२ गुण मिळाले, दुसऱ्या आलेल्या यजमान नॉर्वेला ११४. म्हणजे काठावरचा विजय नव्हे. तेव्हापासून या गाण्याची ओळख 'आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकलेलं केल्टिक लोकगीत' अशी करून दिली जाते. ही ओळख कितपत खरी आहे? त्यातला 'लोक' हा शब्द आधी तपासू, 'केल्टिक' नंतर.

स्पर्धेबद्दल थोडक्यात. युरोपातल्या प्रसारण संस्थांच्या संघाने १९५६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लुगानो इथे ती सुरू केली. प्रत्येक देश एक नवं गाणं पाठवतो, गाणं तीन मिनिटांपेक्षा लांब चालत नाही, आणि बाकीचे देश त्याला गुण देतात. स्वतःच्या देशाला गुण देता येत नाहीत. १९९६ मध्ये हे गुण परीक्षक मंडळं देत असत. प्रेक्षकांनी फोनवरून मत द्यायची पद्धत पुढच्या वर्षी मोजक्या देशांत सुरू झाली. आणखी एक नियम लक्षात ठेवा, पुढे तो फार महत्त्वाचा ठरणार आहे: त्या काळी प्रत्येक देशाने आपल्याच राष्ट्रीय भाषेत गायचं, असं बंधन होतं.

'नवं गाणं' ही अट वाचताच तुमच्यातल्या हुशार मुलांच्या लक्षात आलं असेल. नवं असेल तर ते लोकगीत कसं?

लोकसंगीताच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने १९५४ मध्ये ब्राझीलमधल्या साओ पावलो इथे लोकसंगीताची एक व्याख्या केली होती. ती मला अजूनही कामाची वाटते. व्याख्येचा गाभा तीन गोष्टींत आहे: सातत्य, बदल आणि निवड. गाणं मागच्या पिढीकडून तोंडी आलेलं असावं. गाणाऱ्याने त्यात कळत-नकळत फरक केलेला असावा. आणि त्यातलं काय टिकावं, काय गळावं हे समाजाने ठरवलेलं असावं. कर्ता कोण, हा प्रश्न इथे दुय्यम आहे. जात्यावरच्या ओव्या घ्या. एकच ओवी दोन गावांत दोन तऱ्हांनी ऐकू येते, आणि दोन्ही खऱ्या असतात. उलट चित्रपटातली लावणी ऐकायला कितीही गावरान वाटली तरी तिच्या कवीचं आणि संगीतकाराचं नाव तबकडीवर छापलेलं असतं. तिचा शब्द बदलला तर आपण म्हणतो, 'चुकला.' ओवीत शब्द बदलला तर कुणी चुकला म्हणत नाही. माझ्या मते लोकगीत ओळखायची ही सगळ्यात सोपी खूण आहे.

या कसोटीवर 'द व्हॉइस' लोकगीत नाही. त्याचा कर्ता नावानिशी माहीत आहे आणि तो कसलेला व्यावसायिक आहे. याच ग्रॅहम यांच्या गाण्याने १९९४ मध्येही आयर्लंडला ही स्पर्धा जिंकून दिली होती. ते गाणं पियानो-गिटारवरचं, जुन्या रॉक अँड रोलच्या आठवणी काढणारं, केल्टिक वाऱ्यालाही न उभं राहणारं. पुढे 'यू रेझ मी अप' या गाण्याचे शब्दही त्यांनीच लिहिले. ते तर आपल्या कॉलेजच्या गायनवृंदाने गायलेलं तुम्ही ऐकलंच असेल. तर असा हा लेखक. बाज ओळखून लिहिणारा.

पण 'लोकगीत नाही' म्हणून निकाल लावून टाकला तर अभ्यास तिथेच संपेल. लोकधाटणी वापरणं ही स्वतंत्र विद्या आहे, आणि ती या गाण्यात उत्तम वापरली आहे. कशी, ते बघू.

आधी शब्द. गाण्यात बोलणारा 'मी' म्हणजे माणूस नाही. वारा, पाऊस, ऋतू यांतून बोलणारा, गेलेल्या काळाचा आणि येणाऱ्या काळाचा असा तो आवाज आहे. ओळीमागून ओळ 'मी अमुक आहे' अशाच घाटाने उभी राहते. जखमा झालेली भूमी आपल्या लेकरांशी बोलते आहे आणि शांती मागते आहे, हे हळूहळू उलगडतं. ही रचना ग्रॅहम यांनी हवेतून काढलेली नाही. आयर्लंडच्या मध्ययुगीन पुराणकथासंग्रहात अमर्गिन नावाच्या आदिकवीचं एक गीत आहे. आयर्लंडच्या किनाऱ्यावर पाय ठेवताना तो निसर्गातल्या एकेका गोष्टीचं नाव घेतो आणि 'ती मीच' असं सांगत जातो. आपल्याकडे गीतेच्या दहाव्या अध्यायात विभूती सांगताना हाच घाट आहे. योहानाच्या शुभवर्तमानातली 'मी आहे' ही वचनंही कानाला तशीच लागतात. वक्ता माणसापेक्षा मोठा आहे हे सांगायची ही जुनी रीत असावी.

देशाला स्त्रीरूपात बोलतं करण्याची परंपराही तिथे जुनी आहे. सतराव्या-अठराव्या शतकातल्या आयरिश भाषेतल्या कवींचा 'अश्लिंग' नावाचा एक काव्यप्रकारच होता. कवीला स्वप्नात एक दुःखी, सुंदर स्त्री दिसते. ती आयर्लंड असते आणि आपली कर्मकहाणी सांगते. १९०२ मध्ये रंगभूमीवर आलेलं डब्ल्यू. बी. येट्स यांचं 'कॅथलीन नी हूलिहान' हे नाटक याच वळणाचं. नव्वदच्या दशकातल्या श्रोत्याला अश्लिंग हा शब्द ठाऊक असायची गरज नव्हती. भूमी बाईच्या आवाजात बोलते हे त्याच्या कानात मुरलेलंच होतं.

आणि काळ बघा. उत्तर आयर्लंडमधल्या आयआरए या सशस्त्र संघटनेने ऑगस्ट १९९४ मध्ये जाहीर केलेला शस्त्रसंधी ९ फेब्रुवारी १९९६ रोजी लंडनमधल्या बॉम्बस्फोटाने मोडला होता. त्यानंतर अवघ्या तीन महिन्यांनी एक आयरिश मुलगी युरोपसमोर उभी राहून जखमा आणि शांती यांबद्दल गाते. गाण्यात ना कुठल्या पक्षाचं नाव, ना घटनेचं. तरीही ऐकणाऱ्याला जे ऐकू यायचं ते आलंच असणार. शांतताकरार व्हायला एप्रिल १९९८ उजाडलं. गाण्याने करार घडवला असलं काही मी म्हणत नाही. पण हे गाणं नुसतं धुकं आणि हिरवे डोंगर विकत होतं, असं म्हणणाऱ्यांशीही माझं पटत नाही.

आता सूर. आयर्लंडमध्ये 'शान-नोस' म्हणजे 'जुनी रीत' नावाची गायकी आहे. गाणारा एकटा, साथीला वाद्य नाही, भाषा आयरिश, लय मोकळी. प्रत्येक कडव्याला मुरक्या वेगळ्या पडतात. गाणं रंगलं की जवळचा श्रोता गायकाचा हात हातात घेऊन हळूहळू फिरवत राहतो. मध्येच शाबासकीचे शब्दही टाकतात, आपल्या बैठकीत 'क्या बात है' म्हणतात तसे. मला हा हात धरण्याचा प्रकार फार आवडतो. गाणारा आणि ऐकणारा यांच्यात भिंतच नाही!

'द व्हॉइस' शान-नोस नाही. इथे वाद्यमेळ आहे, ठरलेला ठेका आहे, ध्रुवपद आहे आणि सगळं तीन मिनिटांत बसवलेलं आहे. पण काही गोष्टी तिकडून आणल्या आहेत. आवाज निर्मळ आणि सरळ, पॉप गायकीतला ताण नसलेला. सुरांची ठेवण आधुनिक पॉपपेक्षा जुन्या आयरिश चालींच्या जवळ जाणारी. शिवाय आयरिश शिट्टी, जी आपल्या बासरीची धाकटी बहीण शोभेल, आणि ढोलाचा ठेका. ईमर क्विन 'अनूना' या गायनवृंदात गात होती. मध्ययुगीन आणि आयरिश संगीत गाणारा हा वृंद. ग्रॅहम यांनी तिला तिथेच ऐकलं आणि गाणं तिच्याकडे दिलं. माझ्या मते अर्धी लढाई त्या निवडीतच जिंकली गेली.

अनूनाचं नाव युरोपला आधीच माहीत झालं होतं. ३० एप्रिल १९९४ च्या डब्लिनमधल्या स्पर्धेत, गुण मोजले जात असताना मधला वेळ भरायला म्हणून सात मिनिटांचा एक नाच ठेवला होता. तोच 'रिव्हरडान्स'. संगीत बिल व्हीलन यांचं, नाचणारे मायकल फ्लॅटली आणि जीन बटलर, आणि सुरुवातीचं गायन अनूनाचं. त्या रात्री जिंकलेलं गाणं आज किती जणांना आठवतं कोण जाणे. तो नाच मात्र जगभर फिरला. दोन वर्षांनी 'द व्हॉइस' आलं तेव्हा परीक्षकांचे कान तयार होते.

इथे एक गंमत सांगतो. १९९२, ९३, ९४ असं सलग तीनदा आयर्लंड जिंकलं. जिंकणाऱ्याने पुढच्या वर्षी यजमानपद घ्यायचं असा रिवाज असल्याने तिथल्या सरकारी दूरदर्शनला खर्च परवडेना, आता मुद्दाम पडेल गाणं पाठवतात, असा विनोद रूढ झाला. एप्रिल १९९६ मध्ये 'फादर टेड' या विनोदी मालिकेने यावर एक अख्खा भागच केला: बेटावरचे दोन धर्मगुरू घोड्यावर एक भयंकर गाणं रचतात आणि ते देशातर्फे निवडलंही जातं! काही आठवड्यांतच खरं आयर्लंड ऑस्लोत पुन्हा जिंकलं.

आता 'केल्टिक' या शब्दाकडे येऊ. खरा पेच इथे आहे.

केल्टिक हे मुळात भाषाकुळाचं नाव. वेल्सचे एडवर्ड ल्हुइड यांनी १७०७ मध्ये या भाषांचं नातं ग्रंथात मांडलं. आज त्यात सहा भाषा मोजतात: आयरिश, स्कॉटिश गेलिक, मँक्स, वेल्श, कॉर्निश आणि फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातली ब्रेतॉन. म्हणजे काटेकोरपणे बोलायचं तर केल्टिक गाणं म्हणजे या सहांपैकी एका भाषेतलं गाणं. 'केल्टिक संगीत' हा शिक्का बराच नंतरचा. साधारण १९७० नंतर तबकड्यांच्या दुकानांत तो रुळला. आणि 'द व्हॉइस' इंग्रजीत आहे.

मग मघाचा भाषेचा नियम? आयर्लंडच्या १९३७ च्या राज्यघटनेत आयरिश ही पहिली राजभाषा आणि इंग्रजी दुसरी. त्यामुळे दोन्ही चालत. १९७२ मध्ये आयर्लंडने एकदा आयरिश भाषेतलं गाणं पाठवलं होतं, सँडी जोन्सच्या आवाजात. १८ देशांत ते १५ वं आलं. पुन्हा कधी आयरिश भाषेतलं गाणं त्या मंचावर आयर्लंडने पाठवलं नाही. १९९६ मध्ये नियमाप्रमाणे इंग्रजीत गाऊ शकणारे देश तीनच: ब्रिटन, आयर्लंड आणि माल्टा. सगळा युरोप जी भाषा शाळेत शिकतो ती भाषा या तिघांना आयती मिळाली होती.

आयरिश लोकांना ती कशी मिळाली हे मात्र विसरू नका. १८४५ पासून बटाट्याचं पीक सलग काही वर्षं बुडालं. सुमारे दहा लाख माणसं मेली, आणखी दहा लाखांहून अधिक देश सोडून गेली. सर्वांत जास्त झळ पश्चिमेकडच्या गरीब, आयरिश बोलणाऱ्या कुटुंबांना बसली. १८५१ च्या जनगणनेत भाषा पहिल्यांदा विचारली, तेव्हा आयरिश बोलणारे सुमारे १५ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या पाव हिश्श्याहूनही कमी उरले होते. बोटीत बसून अमेरिकेला जाणाऱ्या पोराला इंग्रजीच उपयोगी पडणार, म्हणून आईबाप घरात इंग्रजी बोलू लागले. ग्रॅहम यांना हे सगळं ठाऊक आहे. त्यांनी या दुष्काळावर 'द व्हाइटेस्ट फ्लॉवर' नावाची कादंबरीच लिहिली आहे. भूमीचा आवाज म्हणून गायलेलं गाणं त्या भूमीच्या जुन्या भाषेत नसावं, आणि नसल्यामुळेच ते सगळ्यांना कळावं! हे गाणं ऐकताना मला दर वेळी इथे अडखळायला होतं.

त्याच रात्री, त्याच मंचावर, खरंखुरं केल्टिक भाषेतलं एक गाणं होतं. ते पाठवलं होतं फ्रान्सने. ज्या देशाने चारच वर्षांपूर्वी, १९९२ मध्ये, 'प्रजासत्ताकाची भाषा फ्रेंच आहे' असं कलम घटनेत घातलं होतं त्या फ्रान्सने! दान आर ब्राझ या गिटारवादकाचा ब्रिटनी, आयर्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समधल्या कलाकारांचा एक मेळा होता. त्यांनी ब्रेतॉन भाषेत 'दिवानित बुगाले' हे गाणं सादर केलं. नावाचा अर्थ साधारण 'मुलं अंकुरू देत'. ब्रेतॉन माध्यमाच्या ज्या शाळा १९७७ पासून लोकांनी स्वतःच्या हिमतीवर चालवल्या त्यांचं नावही 'दिवान', म्हणजे अंकुर. तेव्हा ते नाव ऐकताना ब्रेतॉन माणसाला काय वाटलं असेल याचा अंदाज करता येतो. निकाल: २३ पैकी १९ वं.

यावरून 'बघा, छोट्या भाषेला कोण विचारतो' असा घाईचा निष्कर्ष काढू नका. मीही काढत नाही, कारण उलटे दाखले आहेत. १९९५ मध्ये नॉर्वेने ही स्पर्धा जिंकली ती जवळजवळ संपूर्ण व्हायोलिनवर. शब्द सगळे मिळून २४, तेही नॉर्वेजियन. व्हायोलिन वाजवणारी आयरिश होती. १९८२ मध्ये डोनेगॉलच्या क्लॅनड या गटाने एका दूरदर्शन मालिकेसाठी आयरिश भाषेत गायलेलं शीर्षकगीत ब्रिटनच्या विक्रीयादीत पाचव्या क्रमांकापर्यंत गेलं. शब्द न कळताही लोकांनी ते विकत घेतलं. उलट २००७ मध्ये आयर्लंडने डर्विश या स्लायगोकडच्या अस्सल पारंपरिक वादकांच्या गटाला पाठवलं. गाणं इंग्रजीत, वाद्यं खरी, माणसं त्या परंपरेत मुरलेली. अंतिम फेरीत २४ पैकी २४ वं. पाच गुण! अस्सलपणाला स्पर्धेत गुण असते तर असं झालं नसतं.

माझं मत असं: स्पर्धेत परीक्षक लोकगीत ऐकत नसतात, लोकगीताची आठवण ऐकत असतात. ती आठवण तीन मिनिटांत, एका ठळक आवाजात आणि एका स्वच्छ भावनेत बसवली तर पोचते. 'द व्हॉइस'ने ते केलं. डर्विशचं बळ रात्रभर रंगत जाणाऱ्या वादनात. तीन मिनिटांच्या डबीत ते मावलंच नाही. आणि स्पर्धेतला क्रमांक म्हणजे आयुष्य नव्हे हेही त्याच १९९६ ने दाखवलं: आठव्या आलेल्या ब्रिटनच्या नाचगाण्याने बाजारात इतर सगळ्यांना मागे टाकलं.

ज्यांना भाषा टिकवायची आहे त्यांनी वेगळ्या स्पर्धा काढल्या. आयर्लंडमधल्या किलार्नी इथे १९७१ मध्ये सुरू झालेल्या पॅन केल्टिक महोत्सवाच्या गीतस्पर्धेत नवं गाणं चालतं, पण भाषा केल्टिकच लागते. म्हणजे 'जुनं असावं' ही अट नाही, 'आपल्या भाषेतलं असावं' ही आहे. मराठी मुलखाबाहेर राहून मराठीत गाणी रचणाऱ्या आपल्यासारख्यांना ही अट मला जास्त शहाणपणाची वाटते. आपल्या स्पर्धेच्या 'लोकगीत' विभागाचे दोन भाग करावेत, एक पारंपरिक आणि एक लोकधाटणीचं नवं गीत, अशी सूचना मी समितीकडे देणार आहे. पहिल्यात गाणं कुणाकडून आलं ते सांगणं सक्तीचं असावं: आजी, मावशी, शेजारीण, गाव. दुसऱ्यात कवीचं नाव सांगणं सक्तीचं असावं, मग ते पोर आपल्या वर्गातलं का असेना.

पुढच्या बैठकीला येताना चार गाणी या क्रमाने ऐकून या: क्लॅनडचं १९८२ चं शीर्षकगीत, 'दिवानित बुगाले', 'द व्हॉइस' आणि शेवटी डर्विशचं २००७ चं. शब्दांचे अर्थ आधी शोधू नका. प्रत्येक गाण्यापुढे एवढंच लिहा: पहिल्यांदा कान कशाला लागला, आवाजाला, वाद्याला की शब्दाला? मग घरातल्या कुणा वडीलधाऱ्या बाईला एक जुनं गाणं म्हणायला सांगा आणि तिच्या ओळीत तुम्हाला माहीत असलेल्या ओळीपेक्षा कुठे फरक पडतो ते टिपून आणा. फरक सापडला तर तिला दुरुस्त करू नका. तसाच लिहून घ्या, गावाच्या नावासकट.